पाव्लामावशीच्या कोठारातला गंज

आमच्या दलदलीत नोव्हेंबरात धुकं उतरलं की मार्चपर्यंत हलत नाही. भिंतींना घाम फुटतो, बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. मोटारसायकल नुसती पत्र्याखाली उभी केली, तर वसंतात तिची तांबडी मोडच हाती येते. म्हणून आसपासच्या गावांतले आम्ही नऊ जण अकरा नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या सणाआधी आपापल्या गाड्या टेकडीवर पाव्ला झिट्निककडे नेऊन ठेवायचो. सगळ्या मुलखात तेवढी एकच जागा कोरडी. तिचा नवरा गेल्यापासून त्याच्या दगडी कोठाराचा, मागच्या चढावरून थेट आत जाता येईल असा वरचा मजला तिने आमच्या गाड्यांना दिला होता. बदल्यात कोणी लाकडं द्यायचं, कोणी मध.

पाव्लामावशीला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, पण शिस्त भारी कडक. टाकी काठोकाठ भरायची. रिकामी ठेवली तर आत दव धरतं. प्लग काढून चमचाभर तेल आत सोडायचं, सायलेन्सरच्या तोंडात तेलकट बोळा, चाकांखाली फळ्या, आणि बॅटऱ्या तिच्या स्वयंपाकघरात, चुलीपासून हातभर लांब ओळीने. एकदा मी गाडीवर प्लास्टिक घातलं, तर तिने ते ओढून काढलं.

"अल्योशा, कढईवर झाकण ठेवलंस की काय होतं? घाम. जा, जुनी चादर आण!"

दर आठवड्याला, धुकं जरा विरलं की भर दुपारी ती खिडक्या उघडायची, चादरी उचलून गाड्यांना वारा द्यायची. एकोणीस हिवाळ्यांत कोणाच्या गाडीवर गंजाचा ठिपका आला नाही.

त्या वर्षी सगळ्यात शेवटी आला तो लुद्विक, आमचा निवृत्त पोस्टमन. तोही एकटाच, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. गाडी चढावर ढकलताना त्याला तीनदा थांबावं लागलं. मी तिथेच होतो.

"टाकी भरू नकोस गं यंदा," तो म्हणाला. "वसंतात कोण चालवणार आहे? कशाला पेट्रोल वाया!"

"गप बस," पाव्लामावशी म्हणाली. "गाडी तुझी असेल, कोठार माझं आहे."

आणि तिने टाकी काठोकाठ भरली.

डिसेंबरात लुद्विकला शहरातल्या इस्पितळात ठेवलं. मी त्याच मार्गावर बस चालवतो. एका मंगळवारी सकाळी नऊला पाव्लामावशी बसमध्ये चढली. मांडीवर फडक्यात गुंडाळलेला सूपचा डबा. मग शुक्रवारीही. नाताळनंतर रोज. संध्याकाळी पाचच्या फेरीला परत.

"कोणाला बोलू नकोस हं," एकदा उतरता उतरता ती म्हणाली. "लोकांना काय, जिभेला हाड नसतं. आणि त्याची मुलगी नेझा लांब असते. कोणीतरी हवं ना उशाशी!"

मी शब्द दिला आणि पाळला. पण दुपारच्या वेळी ती शहरात असते, म्हणजे कोठाराच्या खिडक्या कोण उघडत असेल, हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. माझीही गाडी होती तिथे.

फेब्रुवारीच्या शेवटी लुद्विक गेला. त्यानंतर पाव्लामावशी घराबाहेर फारशी दिसलीच नाही.

एप्रिलात, चर्चपुढे पाद्री गाड्यांना आशीर्वाद देतात त्या रविवाराआधी, आम्ही सगळे वर गेलो. दार उघडलं आणि कुबट वास आला. जानेवारीच्या वाऱ्यात दोन कौलं सरकली होती. चादरी ओल्या, बुरशीने काळ्या पडलेल्या. चाकांच्या कड्या तांबड्या, साखळ्या जाम. पाव्लामावशी दाराशी उभी होती. तिनेही ते आत्ताच पाहिलं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"काय केलंत हे मावशी!" मिरान ओरडला. त्याची गाडी नवी होती. "झेपत नव्हतं तर सांगायचं होतं. आम्ही दुसरीकडे ठेवल्या असत्या!"

"म्हातारपण," मागून कोणीतरी पुटपुटलं.

लुद्विकची मुलगी नेझा गाडी न्यायला आली होती. ती पुढे सरसावली. "अहो, ऐका तरी, ती रोज माझ्या बाबांच्या—"

"नेझा!" पाव्लामावशीने तिचा दंड धरला. "चूक माझी आहे. मिरान, खरं आहे तुझं. सांगायला हवं होतं."

मीही गप्प राहिलो. शब्द दिला होता, हे खरं. पण शब्दाआड लपणं किती सोयीचं असतं, तेही मला त्या दिवशी कळलं.

लोक गाड्या घेऊन गेले. मी मागे थांबलो. ती लुद्विकच्या गाडीजवळ बसून चंदेरी अॅल्युमिनियमच्या कागदाचा बोळा व्हिनेगरमध्ये बुडवून चाकाच्या कडीचा गंज घासत होती. मीही एक बोळा घेतला.

"रोज विचारायचा," ती एकदम म्हणाली. "डोळे उघडले की पहिलं, 'गाडी कशी आहे?' आणि मी सांगायची, ठणठणीत कोरडी आहे. रोज सांगायची, अल्योशा. वर पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं."

"त्याला बरं वाटलं असेल ना."

"हो," ती म्हणाली. "त्याचंच वाईट वाटतं."

तिने घासणं थांबवलं नाही. बोटांची कातडी सोलवटली होती.

संध्याकाळी नेझाने गाडी ट्रेलरवर चढवून नेली. पुढे ती विकली असं कानावर आलं.

मग एक दिवस मी मिरानला गाठून सगळं सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला. "आधी का नाही बोललास?" एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो टेकडीवर गेला, पण तिने दार उघडलं नाही.

नोव्हेंबर आला. मी टाकी भरून, जुनी चादर मागे बांधून वर गेलो. कौलं नीट बसवलेली होती, कोठाराला कुलूप होतं.

"घेऊन जा रे," पाव्लामावशी खिडकीतून म्हणाली. "रागावले नाहीये मी. पण आता कोणाची वस्तू सांभाळायला नको वाटतं."

"माझी एकट्याचीच ठेव ना, मावशी. मी येईन खिडक्या उघडायला."

तिने नकारार्थी मान हलवली, खिडकी लावली आणि आतून पडदा ओढला. मी गाडी वळवली आणि इंजिन बंद ठेवून, ब्रेक धरत, धुक्यातून खाली उतरत गेलो.