सोमवारी सकाळी आमचे दार बंद का होते

मी, दत्ताराम सखाराम परब, वय वर्षे एकोणऐंशी, कापड गिरणीच्या साचेखात्यातील निवृत्त जॉबर, चाळ कमिटीचा माजी अध्यक्ष, शिक्षण इयत्ता चौथी, राहणार लालबाग, खालील मजकूर पूर्ण शुद्धीत आणि मोठ्या आनंदात लिहीत आहे. सूनबाईंनी तो वाचला असून त्यांची परवानगी आहे.

परवा सोमवारी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत मेडिकल कॉलेजचा वर्ग भरला... होय, आमच्या खोलीत! मोबाइलवर.

माझी सून वैशाली दादरला साड्यांच्या दुकानात काउंटरवर आहे. वय एक्कावन्न. गेले काही महिने तिला एकाएकी घाम फुटत असे, चेहरा लाल होत असे. एकदा गिऱ्हाइकापुढे उलगडलेल्या रेशमी साडीवर घामाचे थेंब पडले आणि शेठ चारचौघांत बोलले. तेव्हापासून तिने नोकरी सोडण्याचे मनात घेतले होते.

इस्पितळात जाण्यास ती तयार नव्हती. रांगेत कोणी ओळखीचे भेटले तर काय सांगायचे? शेवटी चिरंजीवांनी व्हिडिओ कॉलची वेळ घेतली. परळच्या एका इस्पितळातील डॉक्टर मॅडम अशा स्त्रियांना फोनवरून तपासतात आणि त्यातूनच आपल्या विद्यार्थ्यांना शिकवतात. वैशालीच्या या त्रासाला रजोनिवृत्ती म्हणतात. हा शब्द मी सोमवारी शिकलो.

सोमवारी दुकानाला सुट्टी. मी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, टोपी चढवली. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून कॅमेऱ्यासमोर बरोबर मधोमध खुर्ची मांडली आणि बसलो. वैशाली बाजूला, पलंगाच्या कडेवर.

पडद्यावर माझ्या नातीच्या वयाची एक विद्यार्थिनी आली. तिच्या मागे मॅडम आणि आणखी काही मुले.

"काकू, झोप कशी लागते?"

"उत्तम लागते," मी सांगितले.

"काकू, चिडचिड होते का?"

"आमच्या घरात तशी पद्धत नाही."

"काकू, दुसरा काही त्रास?"

"काही नाही," वैशाली फरशीकडे पाहत म्हणाली.

कॉल फारच सुरळीत चालला आहे, असे माझे मत झाले होते... तेवढ्यात मॅडम त्या मुलीला म्हणाल्या, "खोलीत कोण कोण आहे, हे विचारलंस का?"

मुलगी गोंधळली. "आजोबा... चहा झाला का?"

"झाला."

"बाहेर काही काम असेल ना तुमचं?"

"मी निवृत्त आहे."

मागची मुले हसली. मॅडम मात्र तिच्या मदतीला आल्या नाहीत, नुसत्या वाट पाहत राहिल्या. मग त्या पोरीने मान ताठ केली. "आजोबा, मला फक्त काकूंशी बोलायचंय. तुम्ही बाहेर बसाल? आणि दार लावून घ्याल?"

माझ्याच खोलीतून मला आजवर कोणी उठवले नव्हते. मी वैशालीकडे पाहिले... तिने "बसा हो" असे म्हटले नाही. मी खुर्ची उचलली, गॅलरीत मांडली आणि दार लावले.

आमच्या चाळीत दिवसा दार लागते ते आंघोळीपुरते. त्याहून जास्त वेळ लागले तर भांडण, असाच अर्थ निघतो. पाच मिनिटांत शेजारच्या राणेबाई हातात आमचेच पातेले घेऊन हजर.

"काय ओ तात्यानूं, सुनेन भायर काढल्यान की काय तुमका?"

पलीकडचे मोरे तर टपलेलेच होते. "अध्यक्ष, गादी गेली वाटतं!"

गॅलरीभर हशा पिकला. माझे कान तापले. खरे कारण एका वाक्यात सांगता आले असते, माझी अब्रू राहिली असती... आणि वैशालीची बाब संध्याकाळपर्यंत तळमजल्यावर पोहोचली असती.

"होय," मी म्हणालो. "काढले आहे. आणि दार उघडेपर्यंत कोणीही आत जायचे नाही."

राणेबाई कडीला हात घालणार, तोच आतून वैशालीचा हुंदका आला. स्पष्ट आला. मी ताडकन उभा राहिलो आणि मोठ्या आवाजात पाण्याच्या टाकीचा विषय काढला. टाकी कधी धुतली, कोणी धुतली, कमिटी झोपा काढते काय... मोरे विद्यमान कमिटीत आहेत. ते तावातावाने भांडू लागले. एवढे उपयोगी भांडण मी आयुष्यात केलेले नाही!

दार उघडले तेव्हा माझा घसा बसला होता. वैशालीचे डोळे लाल होते, पण चेहरा कितीतरी दिवसांनी सैल दिसला. तपासण्या करायच्या आहेत, उपाय आहेत, आणि नोकरी सोडण्याचे तूर्त रद्द. पडद्यावरून ती मुलगी म्हणाली, "आजोबा, सॉरी हं. पहिला प्रश्न मी शेवटी विचारला."

मी म्हणालो, "बाळ, विचारलास ना? पास."

इतका वेळ राणेबाई दारातच उभ्या होत्या. मी काही बोलण्याआधी वैशालीनेच त्यांना खरे कारण सांगितले, सरळ, डोळ्याला डोळा देऊन. मला वाटले, आता हशा...

राणेबाईंनी पातेले खाली ठेवले. "माकाय तसाच होता गो, वैशू. ती डॉक्टरीण माझ्याशी बोलात? पण आमच्या घरात चार बापये माणसां. मी बोलतलंय खंय?"

"आमच्या खोलीत," मी म्हणालो. "मी बाहेर बसेन."

मंगळवारी वैशाली कामावर गेली. काउंटरजवळ छोटा पंखा हवा, असे तिने शेठना स्वतः सांगितले. येत्या सोमवारी राणेबाईंची वेळ ठरली आहे. टाकीखेरीज आणखी कोणत्या विषयावर मोठ्याने बोलता येईल, याची तयारी मी सुरू केली आहे. त्या पोरीचे आणि तिला स्वतःचे स्वतः विचारू देणाऱ्या मॅडमचे मनापासून आभार.

दाराबाहेर उपस्थित साक्षीदार: सौ. राणे, श्री. मोरे आणि दुसऱ्या मजल्यावरील बहुतेक सर्व रहिवासी.

दाराच्या आत काय बोलणे झाले, त्यास साक्षीदार कोणीही नाही. मी स्वतः तशी व्यवस्था केली होती.