मॅनेजरपद नको, ओव्हरटाइम राहू द्या

शुक्रवारी एचआरच्या हितेंद्र सरांनी सुचित्राला केबिनमध्ये बोलावलं आणि लग्न जमवल्यासारखे हसले. "काँग्रॅट्स! मंडेपासून तू असिस्टंट मॅनेजर. सोमवारी फक्त सही कर, बस्स!"

चिंचपोकळीच्या चाळीतली ही पोर परळच्या एका आर्किटेक्टकडे कॉम्प्युटरवर नकाशे काढायची. खुशीत तिने आईला, कमलला, फोन लावला आणि चूक तिथेच झाली. कमलला सांगितलं म्हणजे चाळीला सांगितलं, आणि चाळीला कळलं म्हणजे मंडळाच्या विनीतला कळलं. संध्याकाळी घरी येते तर गेटवर फ्लेक्स! गॉगल लावलेला तिचा फोटो, भोवती मंडळाचे झाडून सगळे कार्यकर्ते, आणि खाली 'मॅनेजरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'.

शनिवारी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या अंबिकाताईने विचारलं, "तुझ्या हाताखाली कोण?"

"कोणी नाही."

"मग मॅनेज कोणाला करणार, प्रिंटरला? अगं, पगार तोच राहतो, ओव्हरटाइम तेवढा बंद होतो. मी नाही का हुरळून सही केली? आता शनिवारी फुकट येते."

सुचित्राने सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "अगं, मॅनेजर्स ओव्हरटाइम घेत नाहीत. दे टेक ओनरशिप!"

तिच्या रविवारच्या इंटिरियर कोर्सची फी ओव्हरटाइमवरच निघत होती. पद घेतलं तर कोर्स बुडणार आणि नाही म्हटलं तर त्या फ्लेक्सखालून रोज जायचं कसं? घरी येऊन तिने आईपुढे रडं काढलं.

"गप गो!" कमल म्हणाली. "फ्लेक्स उतरवूक कितीसो वेळ लागता? तुझी फी काय फ्लेक्स भरतलो?" आणि गॅलरीतूनच हाक घातली, "विन्याऽऽ!"

विनीतने सगळं ऐकून डोकं खाजवलं. "एवढंच ना? उतरवतो. अभिनंदन तुझं केलं गं, पोस्टचं थोडीच? तुझा फोटो कापून ठेवतो, कोर्स पास झालीस की चिकटवू. गॉगल तोच चालेल ना?"

सुचित्रा रडता रडता फिसकन हसली. ही माणसं आपल्याला हसतील म्हणून ती झुरत होती!

सोमवारी ती केबिनमध्ये गेली. "सर, पद नको. ओव्हरटाइम राहू द्या."

"बट सुचित्रा, मॅनेजर व्हायला नाही कोण म्हणतं?"

"मी म्हणतेय, सर."

सरांनी पेन उघडलं, बंद केलं, परत उघडलं. "ओके," ते शेवटी म्हणाले. "जुनंच कंटिन्यू कर."

तेवढ्यात दारातून आवाज आला, "सर, लगे हाथ मलाही खाली उतरवा की!" अंबिकाताई उभी होती. सर म्हणाले, "बघतो." पण तिचं नाव त्यांनी लिहून घेतलं, तेही खरं.

बाहेर येताच सुचित्राने तिचा हात घट्ट धरला. "ताई, तू बोलली नसतीस तर मी सही करून मोकळी झाले असते गं."

"ते राहू दे. चहा पाज. आणि कटिंग नको हां, फुल!"