दारावरचा तळहात

वॉशिंग मशीन लावली की मी अजून तिच्या दारापाशी थांबतो. ही सवय एका मेकॅनिकनं लावलेली.

आमच्या मशीनचं दार लॉक होईना, म्हणून तो उचगावहून आला होता. बोलणं भांडल्यासारखं, मोठ्यानं. मला रागच आला. त्यानं लॉक खोलून साफ केलं, दार लावून बटण दाबलं आणि दारावर तळहात टेकला.

"टक्कन वाजलं का, पावणं?" माझ्या ओठांकडे बघत त्यानं विचारलं.

मी मोबाईलमध्ये होतो. "वाजलं की."

"न्हाय वाजलं."

त्यानं लॉक पुन्हा बसवलं, परत तळहात टेकला. "आत्ता वाजलं! मला ऐकू येत न्हाय, पर हाताला कळतंय."

मी ओशाळलो. पिशवी उचलत तो म्हणाला, "तुमचं कान चांगलं हायत, पावणं. वापरा की!"