सेकंदाला तीन मीटर

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील राहुरीच्या मार्केटात हमाल. पाठीवर पोत्याचे वळ घेऊन घरी यायचे आणि मी गणितं सोडवत बसलेलो दिसलो की हसायचे. "रेल्वे किती जोरात पळती, हे मोजून तुला काय मिळनार हाय?" मला वर्दी मिळाली. पुढे पोलीस निरीक्षक होऊन मी त्याच भागात आलो. त्या नोकरीतली एक सकाळ अजून मानगुटीवर बसलेली आहे.

आमच्याकडे ऊन होतं, पण वर घाटात धो-धो पाऊस चालू होता. साडेसहाला धरणातून मोठा विसर्ग सोडल्याचा निरोप पाटबंधारे खात्याकडून आला. पाण्याचा वेग अंदाजे तीन मीटर प्रति सेकंद, नदीपात्रात कुणी उतरू नये. ठाणे अंमलदारांनी डायरीत नोंद घेतली. पाठोपाठ माझ्या खबऱ्याचा फोन आला.

"साहेब, वाळूवाल्यानं पहाटे मानसं नदीत उतरवल्यात. बायापोरं पन हायेत. वर कुनीच आलं न्हाई."

"कुठल्या जागी?"

"ते न्हाई ठाव. मोबाईल काढून घेतो तो सगळ्यांचे."

चोरट्या वाळूच्या या धंद्याची रीत मला माहीत होती. मजुरांना पात्रातल्या बेटावर सोडायचं, कुणी खबर देऊ नये म्हणून फोन काढून घ्यायचे आणि बजावून ठेवायचं की पोलिसांचा सायरन ऐकला की झाडीत दडा. म्हणजे आम्ही काठाकाठाने सायरन वाजवत फिरलो असतो, तर ती माणसं आणखी आत शिरली असती. आमच्या आवाजानेच ती बुडाली असती.

दोन गाड्या सायरन बंद ठेवून काठाने पाठवल्या आणि वाळूवाल्याला घरून उचलून आणलं. इस्त्रीचे पांढरे कपडे, कपाळाला गंध. आमच्या हवालदारांनाच म्हणाला, "चहा तरी सांगा मामा, पाव्हन्यावानी आनलंय तर."

मी विचारलं, "माणसं कुठं सोडलीस?"

"कुठली मानसं, साहेब? मी पहाटं डेअरीवर दूध घालाया गेल्तो."

माझा अनुभव असा की खोटं बोलणारा माणूस दाराकडे बघतो. हा घड्याळाकडे बघत होता. म्हणजे त्याला सुटायची घाई नव्हती, तो कसला तरी हिशेब धरून बसला होता. तेवढ्यात हवालदार चिडले. "अरं, पानी सुटलंय वरून. मरतील की ती."

तो शांतपणे म्हणाला, "मामा, उगं भ्या दाखवू नका. मलाबी मेसेज आलाय. तीनच्या वेगानं येतंय. म्हातारं मानूस चालतं तसं. अठरा किलोमीटर यायला दुपार हुईल."

मी त्याच्यासमोर खुर्ची ओढली.

"अठरा किलोमीटर तुला कुणी सांगितलं? आम्ही तर जागेचं नावही घेतलं नाही."

त्याने पुन्हा घड्याळाकडे बघितलं. दुपारच्या आत आपण सुटू, माणसं काढून आणू आणि कुणाला कळणारही नाही, असं त्याचं गणित होतं. मी कागद पुढे केला.

"हे बघ. तीन किलोमीटर तासाला नाही, तीन मीटर सेकंदाला. मिनिटाला एकशे ऐंशी मीटर. तासाला दहा हजार आठशे. म्हणजे ताशी जवळजवळ अकरा किलोमीटर. सायकल चालते तसं पाणी येतंय. अठरा किलोमीटरला एक तास चाळीस मिनिटं. साडेसहाला सुटलंय. आता साडेसात झाले."

तो कागदाकडे बघतच राहिला. ओठ हलत होते, बहुतेक मनात पुन्हा गुणत होता. मग कागद बाजूला सारून उभाच राहिला. "साहेब, माझा मेव्हना हाय त्यात. त्याची बायको, ल्येक. जुन्या बंधाऱ्याखालचं बेट. सायरन वाजवू नका, आत पळत्याल. मी हाळी देतो, माझ्या हाळीला येत्याल."

वीस मिनिटं जीप पळवली. मी स्वतःच तीन-तीनदा गुणाकार केला, कुठे चुकलो असेन तर बरं, असं वाटून. काठावर पोचलो तर पात्रात घोट्याएवढं पाणी, बेटावर बाभळी आणि एकही माणूस नाही.

त्याने तोंडाला हात लावून हाळी दिली. काही हललं नाही. दुसरी दिली. आवाज फाटला. तिसऱ्या हाळीला झाडीतून एक बाई डोकावली, काखेत झोपलेलं पोर. तिने आमची वर्दी बघितली आणि मागे सरली.

"वहिनी, ये गं. पोलीस माझ्याच संगं हायेत. पानी येतंय," असं म्हणत तो पात्रात धावला. हवालदार मामा दोर घेऊन त्याच्यामागे गेले. एकेक जण बाहेर येत होता आणि वरच्या वळणाकडून, दुरून मळणीयंत्र चालावं तसा आवाज यायला लागला. मग चिखलाचा वास. शेवटचा म्हातारा दोराला धरून काठावर चढला तेव्हा पाणी त्याच्या मांडीला होतं. आम्ही मागे वळलो, तर बाभळींचे फक्त शेंडे दिसत होते.

वाळूवाल्यावर रीतसर गुन्हा दाखल केला. वाळूचोरीचा, आणि माणसांचा जीव धोक्यात घातल्याचाही. त्याने हाळी दिली म्हणून मी एकही कलम कमी केलं नाही.

त्यानंतर माझ्या ठाण्यात कुणी नुसता आकडा सांगितला की मी विचारायचो, किती वेळात? तासाला की सेकंदाला? शिपाई पोरं मागे हसायची. हसू देत. गुन्हेगार आपल्याला फसवतो हे खरं, पण त्याआधी तो स्वतःला फसवतो. सोयीचा आकडा मिळाला की माणूस पुढचं वाचत नाही.

वडिलांना घरी जाऊन सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि रेल्वेची चेष्टा पुन्हा कधी केली नाही.

त्या सकाळी बेटावर अकरा माणसं होती. अकराही जिवंत बाहेर आली.