फर्माइशीच्या वेळी थांबलेले लूम

परवा माझ्या लहानपणी एका उन्हाळ्यात गाजलेलं गाणं मोबाईलवर लागलं आणि भिवंडीतली आमची गल्ली आठवली. शेजारच्या काकांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना होता. लूमच्या खडखडाटात रेडिओ ऐकू यायचा तो फक्त लाईट गेल्यावर. काकूंनी रेडिओला त्या गाण्याच्या फर्माइशीचं पोस्टकार्ड पाठवलं होतं. "माझं नाव सांगतील, दोन मिनिटं लूम थांबवा ना." काका गरजले, "मंत्री आला तरी माझे लूम थांबायचे न्हाय!" दुपारी काकू आमच्या रेडिओला कान लावून बसल्या. कार्यक्रम सुरू झाला आणि अचानक लूम थांबले. नाव आलं, गाणं आलं, काकूंनी डोळे पुसले. "देवासारखी लाईट गेली गं," त्या आईला म्हणाल्या. आमच्या डोक्यावरचा पंखा मात्र गरगर फिरत होता. तेव्हापासून कुणी गरजलं, की मी आधी पंख्याकडे बघतो.