झेंडूची बॉर्डर

कॉम्प्युटर क्लासला जायला लागून जेमतेम महिना झाला होता, तोवर मला शिंगं फुटली होती. दिसेल त्या फोटोला मी बॉर्डर लावत सुटले होते. त्यातच भाच्याचं जावळ झालं. पारनेरजवळच्या आमच्या घराच्या ओट्यावर सगळे फोटोला उभे राहिले. आई तेवढी आत पोळ्या लाटत होती. हाका मारून मारून आम्ही दमलो, तेव्हा पिठाचे हात पुसत आली आणि अगदी कडेला, दादांच्या शेजारी उभी राहिली. दादा, म्हणजे माझे वडील, तिला हळूच काहीतरी बोलले आणि ती हसली. आई हसलेली असा तो एकच फोटो. एरवी मोबाईल समोर धरला की तिचा चेहरा चौकीत बोलावल्यासारखा व्हायचा.

त्या फोटोला मी झेंडूच्या फुलांची जाड बॉर्डर लावली. बॉर्डर फोटोच्या बाहेर वाढवायची असते. मी ती फोटोवरच बसवली. आईचा अर्ध्याहून जास्त चेहरा फुलांखाली गेला. वर शहाणपणा करून मूळ फोटोच्या जागीच तो सेव्ह केला, आणि जागा हवी म्हणून मोबाईलमधलाही पुसून टाकला. आईला दाखवला तर म्हणाली, "दिसती की थोडी. लई झालं. पोराचं तोंड बघ कसं गोड आलंय." मलाही त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही. ती कडेला असायची, याची आम्हाला सवयच होती.

गेल्या पौषात आई गेली. दहाव्याला फोटो हवा होता. आधार कार्डावरचा मोठा करून आणला, तर दादांनी तो पालथा घातला.

"ही न्हाई ती. जावळाचा हाय ना, हासल्याला, तो लाव."

मी कॉम्प्युटर उघडून बसले. एकेक फूल खोडत गेले. प्रत्येक फुलाखाली नुसतं पांढरं निघत होतं. शेवटी मी दादांना सगळं सांगितलं. चूक माझी आहे, आता तो फोटो परत येणार नाही, असं रडत रडत सांगितलं. मला मरणाची लाज वाटत होती. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. राहिलेल्या फुलांवर बोट ठेवलं.

"एवढी फुलं जरा बाजूला सरकव, पोरी," ते म्हणाले. "मी शेजारीच हुतो. हितंच हाय ती."