काठाची जाळी

कोल्हापूरचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका बाईंना परकराचं कापड फाडून देत होते. नवी पेठेतलं आमचं दुकान एवढंसं, दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. फोनवर तिथल्या मुलींच्या फुटबॉल संघाच्या प्रशिक्षक बाई होत्या. पुढच्या महिन्यात आमच्या मुली सोलापुरात येऊन तुमच्या मुलींशी खेळतील, मैदान आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी आहे म्हणाले. गोलला जाळी आहे ना? मी तेही आहे म्हणून टाकलं.

जाळी नव्हती. पण जिथं फुटबॉलवरून पेठापेठांत अबोला धरतात ते कोल्हापूर आपल्या दारात येतो म्हणतंय आणि मी जाळीचं रडगाणं गाऊ? तोवर खेळायला आम्हीच लोकांच्या गावी जायचो, डबे बांधून, एसटीत कोंबून. आमच्याकडं कधी कुणी आलं नव्हतं. त्या आनंदात मी कापड मीटरभर जास्त फाडलं आणि बाईंना तसंच देऊन टाकलं. नवरा गल्ल्यावरून नुसता बघत राहिला.

आमचा क्लब कुणी ठरवून काढला नव्हता. माळशिरसकडचा एक तरुण बँकेत बदली होऊन इथं आला. रविवारी त्याला करमेना, म्हणून एक चेंडू घेऊन तो बंद मिलच्या मागच्या मैदानावर जायला लागला. आजूबाजूची पोरं गोळा झाली, त्यात माझी मुलगीही. ती पहिल्याच दिवशी दोन्ही गुडघे फोडून घरी आली, तेव्हा मी त्याच्याशी भांडायला मैदानावर गेले. माझा तोंडाचा पट्टा चालू झाला की दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा गप्प बसतात. तो मात्र शांतपणे ऐकत राहिला आणि मग खिशातून शिट्टी काढून माझ्या हातात दिली. "ताई, तुमचा आवाज लई मोठा हाय. हितं उपयोग होईल," म्हणाला.

तेव्हापासून मी क्लबात आहे. सगळे असेच सापडले. एक रिक्षावाले भाई आपल्या जुळ्या पोरांना घ्यायला यायचे, ते थांबता थांबता पाण्याचे जार आणायला लागले. त्यांच्या मेव्हण्यानं जुन्या पाइपांचे गोल जोडून दिले. कुणाची आई केळी आणायची, कुणाचा बाप रेषा मारायला चुना. एका चेंडूचे पाच चेंडू झाले, एका घोळक्याचे तीन संघ झाले. आता संध्याकाळी मैदानावर जाऊन उभं राहिलं तर कान किटतात. पोरं पास मागतात मराठीत, शिव्या देतात दखनीत आणि पडली की आईला हाक मारतात तेलुगूत. मला हा गोंगाट इतका आवडतो की दुकानातलं लक्ष पाच वाजताच उडतं.

मुलींचं मात्र उलटं व्हायचं. पाचवी-सहावीत घोळक्यानं यायच्या आणि सातवी-आठवीत गेल्या की एकेक गळायची. विचारलं तर अभ्यास, पाहुणे, पोटदुखी. खरं कारण मला ठाऊक होतं. अर्ध्या चड्डीत पेठेतून चालत यायची सोय नाही, म्हणून मुली सलवार-कमीज घालून यायच्या आणि मैदानावर कपडे बदलायच्या. कुठं, तर भाईंच्या रिक्षात, दोन्ही बाजूंचे रेक्झिनचे पडदे सोडून, एकेकीनं. तेवढा वेळ भाई बिचारे लांब जाऊन पाठ फिरवून उभे राहायचे. एकदा आम्ही घरच्या चादरी आणून दोरीवर टाकल्या. सोलापुरात चादरींना काय तोटा? पण वारा सुटला, एक चादर इकडं उडाली, एक तिकडं, आणि आत जी मुलगी होती ती परत कधी आली नाही. त्या दिवसाचा राग माझ्या मनात अजून आहे. कुणावर काढायचा ते कळत नाही.

त्यामुळं कोल्हापूर येणार म्हटल्यावर मी मुली मोजल्या तर बरोबर अकरा. एकही जादा नाही. आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची, आमची गोलकीपर, आठवीत होती. उंच पोरगी, लांब हातांची. चेंडू येताना दिसला की तिच्या चेहऱ्यावर हसू फुटायचं, बाकीच्यांच्या चेहऱ्यावर भीती असायची. विणकरांच्या घरातली. घरी आजोबा, त्यांना ती ताता म्हणायची, आणि आई.

मी त्यांच्या घरी सांगायला गेले तेव्हा तिची आई दारात बसून विड्या वळत होती. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, हात थांबवले नाहीत.

"खेळू दे की, मी कुटं नको म्हनते," ती म्हणाली. "पन बाहेरगावची मानसं येनार. माझी पोरगी रिक्षात कपडे बदलनार न्हाय. नीट जागा करा, मग पाठवते. न्हायतर ह्या वर्षापास्नं बंद."

मला संताप आला. पण संतापून करणार काय, ती खोटं कुठं बोलत होती? माझ्या मुलीनं रिक्षात कपडे बदलले तेव्हा मलाही आवडलं नव्हतं, मी फक्त गप्प बसले होते.

ताता कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्यांचे यंत्रमाग कधीच विकले गेले होते. आतल्या खोलीत एक हातमाग तेवढा उरला होता, त्याच्यावर गाद्यांची चळत. जागेबद्दल ते काही बोलले नाहीत. "पोरगी म्हनते गोलला जाळी न्हाय तुमच्याकडं," एवढंच म्हणाले. "मी करतो, अक्का." मी विकत आणू म्हणाले, पण त्यांनी ऐकलं नाही. मग मी त्यांना मोबाइलवर फोटो दाखवला, जाळीत मुठीएवढी भोकं असतात हे बोटांनी सांगितलं, बॅडमिंटनची एक फाटकी जाळी नमुना म्हणून नेऊन दिली. ते मान डोलवत राहिले.

जागेसाठी मी शाळेत विचारलं, तर रविवारी किल्ली कुणाकडं असते हेच कुणाला माहीत नव्हतं. मैदानाशेजारच्या मंगल कार्यालयात विचारलं, तर त्या रविवारी नेमका मुहूर्त. तो बँकेतला तरुण, आमचा प्रशिक्षक, म्हणाला, ताई, आपण दहा जणींत खेळू. मी त्याला असं झापलं की तो दोन दिवस माझ्यासमोर आला नाही.

रविवार उजाडला. मैदानावर चुन्याच्या रेषा पांढऱ्याशुभ्र, कडेला आई-बाप, आजूबाजूच्या गल्ल्यांतली माणसं, कार्यालयातले वऱ्हाडीसुद्धा भिंतीवर चढून बसलेले. गोलकीपर आली, पण सलवार-कमीज घालून, आणि तिच्या कपड्यांची पिशवी आईच्या काखेत. आईनं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं.

मागून ताता रिक्षातून उतरले. भाईंनी आणि जुळ्यांनी मिळून मोठी घडी उतरवली आणि गोलसमोर उलगडली.

पांढरं सूत, चारी बाजूंनी मरून रंगाचा काठ, खालच्या दोन कोपऱ्यांत दोन मोर. तातांनी हातमागावर पट्टे विणले होते, सुनेनं, म्हणजे गोलकीपरच्या आईनं, ते एकमेकांना शिवले होते, कडेनं दोरी ओवली होती, वर-खाली बांधायला नाड्या. आणि वीण अशी घट्ट की करंगळीचं नख शिरणार नाही.

"जाळी कुटं हाय?" प्रशिक्षकानं हळूच मला विचारलं.

तातांनी ते ऐकलं. "सुरुवात विरळच केली होती," ते म्हणाले. "पन बघवंना. विरळ कापड आमच्या घरातनं कधी बाहेर गेलं न्हाय."

आता त्यांना काय सांगणार? सगळे टाळ्या वाजवत होते. आम्ही ते कापड गोलला बांधलं. दिसायला असा देखणा गोल साऱ्या महाराष्ट्रात नसेल. मी फोटो काढायला मोबाइल वर केला आणि मिलच्या बाजूनं वारा आला. कापड फुगलं, पाइप कुरकुरले आणि अख्खा गोल सावकाश पुढं झुकून मोरांसकट तोंडावर पडला.

नेमकी त्याच वेळी कोल्हापूरची बस फाटकातून आत वळली.

त्यांच्या मुली खिडक्यांतून हसत होत्या. त्यांच्या प्रशिक्षक बाई उतरल्या, त्यांनी टोपी मागं सारून पडलेल्या गोलकडं बघितलं, कापडाचा काठ चिमटीत धरला. मी जाळीबद्दल बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनी हातानंच थांबवलं.

"जाळी नसली तरी चालतंय, ताई. आमी बी तसंच शिकलोय," त्या म्हणाल्या. "पण ह्यातनं पलीकडचं काहीच दिसत न्हाई की वो."

तातांची मान खाली गेली. मला त्या बाईंचा राग आला, वाऱ्याचा आला, स्वतःचा तर फारच आला. म्हाताऱ्या माणसाला सगळ्यांसमोर खाली बघायला लावलं, गोलकीपर नाही, जाळी नाही आणि कोल्हापूर दारात. मी रडायच्या बेतात होते.

तेवढ्यात गोलकीपरची आई पुढं आली. जुळ्यांना तिनं कापडाची दोन टोकं धरून उंच करायला लावलं आणि स्वतः मागं गेली.

"दिसतंय का?" तिनं मागून विचारलं.

कुणाला काही कळेना. शेवटी तातांनीच उत्तर दिलं, "न्हाय."

"हात वर केला तर?"

"न्हाय."

"सावली?"

ऊन तिच्या पाठीमागून येत होतं. तातांनी डोळे बारीक करून नीट बघितलं. "सावली बी न्हाय," ते म्हणाले, आणि त्यांची मान वर आली.

ती बाहेर आली. "मग हे हितनं काढा," तिनं मलाच सांगितलं, "आनि त्या कोपऱ्यात बांधा."

मिलच्या दोन भिंती जिथं मिळतात त्या कोपऱ्याकडं तिनं बोट केलं होतं. दोन बाजूंना भिंती, उरलेल्या दोन बाजूंना कापड. मी इतकी वर्षं त्या कोपऱ्यात चपला काढत होते आणि माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. मग जी धांदल उडाली! कार्यालयाच्या मांडववाल्यानं कोपऱ्याला रोवायला बांबू दिला, प्रशिक्षकानं खड्डा खणला. भाई म्हणाले, "भाभी, टेन्शन नक्को," आणि वारा अडवायला त्यांनी रिक्षा आडवी लावली. वरच्या नाड्या भिंतीतल्या जुन्या खिळ्यांना, खालच्या विटांना. चादरी उडाल्या होत्या, हे एकसंध होतं. वारा आला, कापड थोडं फुगलं आणि जागेवर राहिलं.

आईनं आत जाऊन एकदा चारी बाजूंनी बघून घेतलं. मग बाहेर येऊन पिशवी मुलीच्या हातात दिली.

आमच्या मुली आत गेल्या, चार-चार, पाच-पाच, आणि आतून हसण्याचा असा आवाज यायला लागला की मला वेड लागायचं बाकी राहिलं. त्यांच्यामागून कोल्हापूरच्या मुलीही रांगेत उभ्या राहिल्या. त्यांच्या बाई म्हणाल्या की त्यांच्या मुली बाहेरगावी गेल्या की बसमध्येच वाकून-वाकून कपडे बदलतात, उभं राहून बदलायला पहिल्यांदाच मिळालं.

सामन्याचं काय सांगू? गोल उभा केला, मागं दगड लावले आणि बिनजाळीचेच खेळलो. कोल्हापूरनं लगेच एक गोल केला, मग दुसरा. आम्हाला वाटलं आता धुलाई. पण आमच्या पोरी पेटल्या. माझ्या मुलीनं पायात चेंडू घेऊन जी मुसंडी मारली ती थेट गोलात, आणि मी आनंदानं शिट्टी फुंकली. खेळ थांबला. पंचांनी येऊन माझी शिट्टी जप्त केली. त्यानंतर मी तोंडानं ओरडत राहिले, ते काही त्यांना जप्त करता आलं नाही.

शेवटी-शेवटी कोल्हापूरला पेनल्टी मिळाली. आमची गोलकीपर रेषेवर उभी, आणि तिच्या चेहऱ्यावर तेच हसू. त्यांच्या पोरीनं चेंडू सणसणीत मारला, खालच्या डाव्या कोपऱ्यात. ही आडवी झाली आणि चेंडू तिच्या बोटांना लागून बाहेर गेला. वऱ्हाडी भिंतीवरून उड्या मारायला लागले. भाईंनी प्रशिक्षकाला उचललं. आम्ही एका गोलनं हरलो होतो, पण ह्याची कोल्हापूरवाल्यांनाही आठवण करून द्यावी लागली असती.

पाहुण्यांना भाकरी, पेंडपाला आणि शेंगाची चटणी खाऊ घालून निरोप दिला. मी कोपऱ्याकडं गेले तर गोलकीपरची आई नाड्या सोडत होती. मी दुसरं टोक धरलं. आम्ही दोघींनी मिळून घडी घातली, काठाला काठ लावून.

"मला खो-खो लई यायचा," ती एकदम म्हणाली. "शाळेत मी कुनाच्या हाताला लागायची न्हाय. आठवीत सोडला."

मोर आत जातील अशी शेवटची घडी तिनं केली आणि कापड माझ्या हातात न देता आपल्याच काखेत धरलं.

"पुढच्या रविवारी किती वाजता बांधायचं?" तिनं विचारलं. "मी येते."

मी सहा म्हणाले. रविवारी मी पोचले तेव्हा एक बाजू बांधून झाली होती, दुसऱ्या बाजूच्या नाड्या तिच्या दातांत होत्या, आणि शेजारी तिच्या गल्लीतल्या तीन मुली आपापल्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या.